आज्जाच्या फ्लेक्सवर शाहू महाराजांचा फोटो लावावा का?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी रायबाग तालुक्यातली. सध्या नोकरीला बेळगावात, एका दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी करून आले आणि झोप येईना, म्हणून हे लिहायला बसले.

आमचा आज्जा गेल्या आषाढात गेला. नव्वदीला टेकला होता. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. माझ्या चुलतभावानं निपाणीहून फ्लेक्सचं डिझाइन करून आणलंय. डावीकडं फेटा बांधलेले राजर्षी शाहू महाराज, उजवीकडं पटका बांधलेला आमचा आज्जा, दोघांचे फोटो एकाच मापाचे, आणि खाली 'आमच्या गावचे शाहू'. बाबांना आवडलं. थोरल्या काकांना नाही आवडलं, ते म्हणाले, "महाराजांच्या जोडीला बसायला आपण कोण?" त्या दिवशी दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडं आलंय, आणि भाऊ म्हणतोय की बोलायचं ते या फ्लेक्सला धरूनच बोल.

आता आज्जाबद्दल सांगते, मग विचारते.

आज्जा गुळव्या होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुऱ्हाळावर काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस कधी उकळला, मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी कधी घालायचं, गूळ वाफ्यात कधी ओतायचा, हे सगळं जो नजरेनं ठरवतो तो गुळव्या. पाक थंड पाण्यात सोडून बोटानं गोळी बघायचा, आणि गोळी झाली की सगळ्यांनी एकदम हात चालवायचे. एक मिनिट इकडं-तिकडं झालं की गूळ काळपट पडतो, ढेप नीट बसत नाही. आज्जाच्या हातच्या ढेपेला बाजारात चार पैसे जास्त मिळायचे.

शाहू महाराजांचं नाव आमच्या घरात पणज्यापासून आहे. पणजा गुळाच्या ढेपा घेऊन रेल्वेनं कोल्हापूरला जायचा, मिरजेला गाडी बदलून. शाहूपुरीच्या पेठेत माल घालायचा. तिथं एकदा त्यानं महाराजांना खडखड्यात, म्हणजे त्यांच्या घोडागाडीत, बसून जाताना बघितलं म्हणे. तेवढं एक दर्शन त्यानं जन्मभर सांगितलं, आणि पणज्याकडून ते आज्जाकडं आलं. आज्जा सांगताना हात असा आडवा पसरून महाराजांच्या अंगाची रुंदी दाखवायचा. त्यानं स्वतः बघितलेलं नव्हतं, तरी दाखवायचा.

मला जे खरं सांगायचंय ते तांब्याचं.

साठच्या दशकातली गोष्ट. आज्जा तेव्हा गावातल्या एका मोठ्या माणसाच्या गुऱ्हाळावर होता. खाली चुलवाणात चिपाडं घालायला दलित वस्तीतला एक गडी असायचा. ते काम सगळ्यांत वाईट. तोंडावर धग, डोळ्यांत धूर, अंगावर राख. आणि त्याला रस द्यायचा तो वरून ओंजळीत ओतायचा, भांडं लावायचं नाही, अशी रीत. आज्जानं एक दिवस आपला तांब्या त्याच्या हातात दिला. मालक बघत होता. "त्याचं भांडं वेगळं ठेव," म्हणाला. आज्जा काही बोलला नाही. काहिलीत रस उकळत होता. तो पूर्ण उतरवला, गूळ वाफ्यात काढला, ढेपा भरून झाल्या. मग झारा धुऊन ठेवला आणि घरी आला. दुसऱ्या दिवसापासून गेला नाही.

दोन हंगाम त्याला आसपासच्या गावात कुणी काम दिलं नाही. सांगलीकडं जाऊन गुऱ्हाळं केली. मग चौघांनी मिळून वाट्यानं स्वतःचं गुऱ्हाळ घातलं, आणि त्या चौघांत तो चुलवाणावरचा गडीही वाटेकरी होता. तिथं एक पितळी तांब्या साखळीनं खांबाला बांधलेला असायचा. रस निघाला की पहिला तांब्या खाली चुलवाणावर. "आधी त्याला. त्यो भाजून निघालाय," आज्जा म्हणायचा. मग मोळ्या वाहणारे, घाण्यावरचे, बाया, पोरं, आणि शेवटी स्वतः. कन्नड बोलणारा नवा गडी बुजून उभा राहिला तर त्याच्याच भाषेत, "मोदल कुडी, आमेल मात." आधी पी, मग बोल. एकदा एक साहेब आले, त्यांनी वेगळा ग्लास मागितला. आज्जानं त्यांना खाट दिली, पाठीला पोतं दिलं, रस मात्र दिला नाही. "भांडं एकच हाय, साहेब." मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते, ऊस चोखत शेजारीच उभी होते. साहेबांचा चेहरा अजून आठवतो.

मला हे महाराजांसारखं वाटतं. मनापासून वाटतं. पण महाराजांकडं संस्थान होतं, खजिना होता, हुकूम होता. आज्जाकडं तीन एकर आणि एक झारा. हे साम्य मी गावासमोर उभी राहून सांगू शकते का, की माया आहे म्हणून मला तसं दिसतंय? इतिहासाचं वाचन असलेल्यांनी सांगावं.

---

जुनेमास्तर

ताई, चाळीस वर्षं इतिहास शिकवला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या पणजोबांना महाराज आपले वाटत होते ते बरोबरच आहे. आज रायबाग बेळगाव जिल्ह्यात असला तरी तो कोल्हापूर संस्थानचा भाग होता. रायबाग आणि कटकोळ हे संस्थानचे दूरचे पेटे, म्हणजे तालुक्याहून लहान विभाग. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९५६ मध्ये आपला भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. म्हणजे तुमच्या आज्जांनी घराचा उंबरा न बदलता चार राज्यांची नावं पाहिली. हे गावासमोर जरूर सांगा. आजच्या मुलांना रायबाग आणि कोल्हापूर यांचा संबंध कुणी सांगत नाही.

तांब्याची गोष्ट वाचून मला गंगाराम कांबळे आठवले, आणि तुमच्या भावालाही तेच आठवलं असणार. गंगाराम हे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला लावलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराज स्वतःची गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवायचे, आणि गाडीत बरोबर असलेल्या वरच्या जातीच्या मंडळींनाही तो प्यावा लागायचा. तुमच्या आज्जांनी साहेबांना जे सांगितलं त्याची जात हीच आहे. उपदेश केला नाही, भांडं पुढं केलं.

पण माणूस आणि राजा यांत फरक करा. महाराज चहा प्यायले, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत घेतलं. मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांच्या परिषदेत जाऊन, तेव्हा तिशीही न गाठलेले डॉ. आंबेडकर हे तुमचे पुढारी आहेत असं लोकांना सांगितलं. हे सगळं राज्य हातात असल्यामुळं झालं, आणि राज्य हातात असूनही इतर पुष्कळांनी केलं नाही. गुळव्याला हुकूम काढता येत नाही, तेव्हा त्या मापानं आज्जांना मोजू नका.

एक प्रश्न मात्र विचारतो, रागावू नका. १९१८ मध्ये महाराजांचा धाकटा मुलगा शिवाजी शिकारीत अपघातानं गेला. सून इंदुमती अगदी लहान वयात विधवा झाली. घरातून विरोध असताना महाराजांनी सोनतळीला तिच्या शिक्षणाची सोय केली. चारचौघांत चहा पिणं एक वेळ सोपं, घरातल्या बाईसाठी घरच्यांशी भांडणं अवघड. तुमच्या आज्जांच्या घरातल्या मुलींचं काय झालं?

---

कृष्णाकाठची

मास्तर, तुमचा प्रश्न वाचून मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ नुसती बसले.

माझी आत्या सातवीनंतर शाळेत गेली नाही. आज्जानंच काढली. हायस्कूल रायबागला होतं, लांब होतं, तेव्हा कुणाच्याच मुली जात नव्हत्या, असं आमच्यात सांगतात. मी वरच्या पोस्टमध्ये ते लिहिलं नाही. विसरले असं म्हणणार नाही. लिहिताना आठवलं होतं, आणि मी ते सोडून पुढं गेले.

मला स्वतःला आज्जानं शिकवलं. माझ्या नर्सिंगच्या फीला दोन गाभण म्हशी विकल्या. म्हणून मला वाटत होतं की ते फिटलं. पण ते माझ्याबाबतीत फिटलं, आत्याच्या नाही.

---

निपाणीकर

फ्लेक्स करू नका. आमच्याकडं प्रत्येक चौकात महाराजांचा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी कुणाचा तरी वाढदिवस आहे. तुमचे आज्जा त्या रांगेतले नाहीत. त्यापेक्षा तो तांब्या असेल तर तो आणून ठेवा, हार घाला.

माझी आजी विड्या वळायची. तंबाखूच्या वासात आम्ही वाढलो. तिला 'झाशीची राणी' म्हणायचे लोक, कारण ती मुकादमाशी भांडायची. तिला ते आवडायचं नाही. म्हणायची, राणीला घोडा होता. बाकी लिहीत नाही, नाहीतर रडू येतं.

---

खानापूरची सून

ताई, मी मूळची सांगलीकडची, लग्न होऊन खानापूर तालुक्यात आले. इथं नंदगडला कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ ला इंग्रजांनी त्याला तिथं फाशी दिली. समाधीपाशी वडाचं झाड आहे आणि त्याला लाकडी पाळणे बांधलेले असतात, मूल व्हावं म्हणून नवस बोलणाऱ्यांचे. माझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी बांधला होता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कळेना, फाशी गेलेल्या लढवय्यापाशी पाळणा कशाला? सासूबाई म्हणाल्या, "त्याच्यासारखं पोर व्हावं म्हणून." त्या मराठी बोलतात, शेजारची बाई कन्नड बोलते, दोघींचे पाळणे एकाच झाडाला. म्हणून मला 'आपण कोण जोडीला बसणारे' हे तुमच्या काकांचं म्हणणं पटत नाही. मोठ्या माणसासारखं आपल्या घरात कुणी व्हावं असं वाटणं, आणि झालं असेल तर तसं म्हणणं, यात गैर काही नाही.

पण आत्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत, "असं आमच्यात सांगतात", ते कोण सांगतं? तुमचे बाबा, काका? आत्या आहेत ना हयात? त्यांना विचारलंत का कधी? दहा मिनिटं बोलायच्या आधी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा. आणि आज्जांच्या वतीनं त्यांना समजावू नका. नुसतं ऐका.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. दोन दिवस सुट्टी टाकून गावी जाऊन आले. आत्या पलीकडच्याच गावात असते, कुडचीकडं. त्रेसष्ट वर्षांची आहे. गेले तेव्हा ती कडबोळी तळत होती. मी विचारलं, "आत्या, तुला शाळेतून का काढलं गं?" तिनं झारा चालू ठेवला. म्हणाली, "हिशेबाला."

मला हे माहीतच नव्हतं. घरात कुणालाच माहीत नसावं, किंवा असेल आणि बोलत नसतील.

झालं असं की आज्जाला सहीपुरतंच लिहिता यायचं. स्वतःचं गुऱ्हाळ घातल्यावर हजेरी आणि हिशेब लिहायला त्यानं गावातला एक शिकलेला माणूस ठेवला. तो गड्यांचे दिवस खात होता. अठरा दिवस भरले तर पंधरा लिहायचा, उचल दोनदा मांडायचा. गड्यांना वाचता येत नव्हतं, आज्जालाही नाही. तीन हंगाम असं चाललं. मग तो चुलवाणावरचा वाटेकरी एक दिवस भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा घेऊन भांडायला आला. रोज एक रेघ. रेघा आणि वही जुळेनात. आज्जानं त्या माणसाला काढलं आणि वही आत्याच्या हातात दिली. ती तेव्हा सातवी पास झाली होती, गणितात वर्गात पहिली. म्हणून तीच.

"कुणावर विश्वास ठेवायचा तर घरच्यावर," असं आज्जा म्हणाला म्हणे. आत्याचे मास्तर दोनदा घरी येऊन गेले. आज्जानं त्यांना रस दिला, त्याच तांब्यातून, आणि नाही म्हणाला.

लग्न होईपर्यंत सहा हंगाम आत्यानं ती वही लिहिली. वह्या तिनं जपून ठेवल्यात, लाल फडक्यात बांधून, ट्रंकेच्या तळाशी. मला दाखवल्या. तिचं अक्षर इतकं सुरेख आहे की मी नुसती बघत राहिले. प्रत्येक गड्याचं नाव पूर्ण लिहिलेलं. तेव्हा वहीत अशी नावं अर्धीमुर्धी, टोपणनावानं, नाहीतर जातीनं लिहायची पद्धत होती, तसं एकही नाही. पुरुषाच्या नावापुढं अण्णा, बाईच्या नावापुढं अक्का. हे आज्जानं सांगितलेलं, "नावं मानानं लिही," म्हणून. पुढं दिवस, उचल, बाकी, आणि अंगठ्याचा ठसा. दर शनिवारी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. कुणाची हरकत असेल तर तिथंच. मराठीत वाचून झालं की कन्नडमध्ये परत.

मी सगळी पानं बघितली. मग विचारलं, "तुझं नाव कुठाय?"

"माझं कशाला असंल? घरच्याला हजेरी नसती."

सहा हंगामांत तिच्या नावावर एक दिवस नाही, एक पैसा नाही.

मी तिला आज्जाची बाजू सांगायला गेले नाही. खानापूरच्या ताईंचं लक्षात ठेवलं. पण तिनंच नंतर विचारलं, फ्लेक्सवर काय छापणार आहेत ते. मी सांगितलं. ती म्हणाली, "महाराजांचा फोटो नको लावू. पण लोक म्हणतील तर म्हणू दे. तांब्या खरा होता. मी डोळ्यानं बघितलाय. आणि माझी शाळाबी खरी होती." रागानं नाही म्हणाली. गड्यांची बाकी वाचून दाखवावी तसं म्हणाली.

मास्तर, तुम्ही विचारलंत, म्हणून तुम्हाला सांगते. आज्जानं साहेबांना भांडं एकच आहे म्हणून सांगितलं, त्यात तो महाराजांसारखा होता, हे मी आता आधीपेक्षा ठामपणे सांगेन. गड्यांच्या दिवसात खोट आली तेव्हा झटकन उठला, त्यातही. पण ती खोट भरून काढायला त्यानं जे दिलं ते त्याचं नव्हतं, आत्याचं होतं. महाराज सुनेसाठी घरच्यांशी भांडले. आज्जाला घरात भांडावं असं वाटलंच नाही. आज्जाला नावं ठेवायची म्हणून मी हे बोलणार नाही. त्याच्या मांडीवर वाढले मी. अजून गुळाचा वास आला की मान वळते. पण तांब्याचं सांगून वहीचं सोडलं तर तो हिशेब लिहिणारा आणि मी, यांत फरक राहत नाही.

भावाशी बोलले. आधी चिडला, मग वह्या बघून गप्प झाला. फ्लेक्सवर आता एकट्या आज्जाचाच फोटो आहे, पटक्यातला, खाली नाव आणि 'गुळव्या'. निपाणीकरांनी सुचवलं तसं तांब्या शोधला. गोठ्यात सापडला, चेपलेला, साखळी नाही. चिंच लावून घासून ठेवलाय. चुलवाणावरच्या आजोबांचा नातू हुबळीला असतो, त्याला फोन केला, येतो म्हणालाय. रस पहिला त्याला द्यायचा असं ठरलंय. आषाढात गुऱ्हाळ नसतं, पण रायबागच्या रसवंतीवाल्यानं आणून द्यायचं कबूल केलंय.

माझी दहा मिनिटं आता पाच झालीत. उरलेल्या वेळात आत्या वही वाचणार आहे, पहिल्या हंगामाची, सगळी नावं, मराठीत आणि मग कन्नडमध्ये. त्यातले तिघं अजून आहेत गावात. फक्त तिला बारीक अक्षर दिसेना झालंय, चष्म्याचा नंबर बदललाय. गुरुवारी तिला बेळगावला घेऊन येते डोळे तपासायला.